डबल शेअरिंग

पेपर तपासायला बोलावलं होतं विद्यापीठानं,
चार रात्री, स्टेशन रोडच्या लॉजवर, डबल शेअरिंग.
मी शिकलगार मॅनेजरांना बाजूला घेऊन विचारलं,
सिंगल नाही का? वरचे पैसे मी भरते.
ते म्हणाले, मॅडम, जोतिबाची यात्रा हाय,
गच्चीवरसुदीक गाद्या घातल्यात.

एरवी मी लॉजवर मागून घेते
लिफ्टशेजारची खोली, नाहीतर पाण्याच्या मोटारीवरची,
जिथं आधीच काहीतरी घरघरत असतं
आणि माझी भर कुणाच्या हिशेबात येत नाही.

मी घोरते.
घोरतो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

आईनं पोलक्याच्या पाठीत सुपारी शिवली होती,
उताणी झाले की टोचावी म्हणून.
बाप्यासारखी घोरतेस, म्हणायची,
हळू आवाजात, शेजारी ऐकतील अशी भीती धरून,
जणू शेजाऱ्यांनी अजून ऐकलंच नव्हतं.
मावशीच्या लग्नात, जानवसघरात, सकाळी उठले
तर सगळ्या पोरींची अंथरुणं पलीकडच्या भिंतीला.
आणि नवरा तिसऱ्या महिन्यात
उशी घेऊन हॉलमध्ये गेला, न भांडता.
तिथंच आहे. सव्वीस वर्षं झाली.

खोली दोनशे सात.
दाभोळकर कॉर्नरच्या मेडिकलमधून
कापसाची पुडी आणून तिच्या उशीजवळ ठेवली.
एक वाक्य आंबा घाटापासून जुळवत आणलं होतं:
माझी जरा सवय आहे, तुम्हाला त्रास झाला तर सरळ हलवा.

ती आली साडेआठला. विजयमाला चौगुले,
गडहिंग्लज, भूगोल.
"जेवलासा का बाई? मी येता येता रंकाळ्यावर
भेळ खाऊन आलो."
आलो. बसतो. जरा पाय धुतो.
इकडच्या बायका असंच बोलतात, ठाऊक होतं मला,
तरी दोनदा मी दाराकडे पाहिलं,
कोण पुरुष आत आला म्हणून.

वाक्य ओठांपर्यंत आलं तोवर
"झोपतो मी," म्हणाली, आणि दिवा घालवला.

मी ठरवलं, जागायचं.
चार रात्रींचा तर प्रश्न.
पंख्याची पाती मोजली, खालच्या वडापच्या हाका ऐकल्या,
डोळ्यांना पाणी लावलं.
आणि पावणेबाराला शेजारच्या पलंगावरून
आधी एक बारीक शिट्टी,
मग उसानं भरलेली ट्रॉली चढावर गिअर बदलते तसं,
मग काहीच नाही, इतका वेळ काहीच नाही
की मी उठून बसले,
आणि मग पुन्हा ट्रॉली.

पुडी मीच फोडली. कापूस कानात घातला.
थोड्या वेळानं काढला.
असं असतं तर हे.
एवढं मोठं, आणि चेहरा किती शांत.
तिला यातलं काही माहीत नाही,
ती कुठंतरी लांब, भूगोलाच्याही बाहेर.
मला सुपारी आठवली, तिची जागा अजून कळते मला.

सकाळी चादरीची घडी घालताना
माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,
"रात्री तरास झाला न्हवं? घरात सगळी बोंबलत्यात."
मी म्हटलं, नाही हो,
मला तर काहीच कळलं नाही.
हे खोटं माझ्याजवळ तयारच होतं,
कुणीतरी मला सांगावं म्हणून
इतकी वर्षं घोळवलेलं.
तिनं घडी दोनदा मोडून पुन्हा घातली.
मग म्हणाली, चला, च्या घेऊ.

त्या रात्री दिवा मी घालवला.
"झोपतो मी," म्हटलं.
ती हसली नाही. तिला त्यात
काही वेगळं वाटलंच नसावं.

तीनच्या सुमाराला दोनशे आठमधून
भिंतीवर थाप पडली, जोरात, पसरलेल्या पंजाची.
दोघी जाग्या झालो.
कुणामुळं, ते अंधारात कुणी विचारलं नाही.
तिनं कूस बदलली, मीपण.
त्यानंतर थाप आली नाही,
किंवा आली असेल.