ळ

पस्तीस वर्षं विंगेत बसलो मी,
मांडीवर वही, वहीवर बॅटरीचा गोल उजेड
आणि ओठांत दुसऱ्याचं बोलणं.
राजा अडला की मी राजा,
सून अडली की सून.
टाळ्या पडद्याच्या पलीकडे पडायच्या,
डास माझ्याकडे.

या दिवाळीला मालक वडशाहून आले
आणि त्यांनी मोबाइलमधून नाटक काढलं.
तीन अंक, सात गाणी, एक खून,
चहा निवायच्या आत.
"लेखक पैसे घेते आन् वरून रुसते,
हा रुसत नाही," म्हणाले.
साठ रात्री बुक झालेल्या, मंडपवाला दारात उभा,
त्यांचं कारण मला कळलं.

पेटीवाले उद्धवराव म्हणाले,
याच्या गाण्याला मी बोट लावणार नाही.
कलेबद्दल बरंच बोलले, डोळे भरून आले त्यांचे.
पण यंदाचं नाटक त्यांच्या पोरानं लिहायचं ठरलं होतं,
हे त्यांनी सांगितलं नाही
आणि आम्हीही विचारलं नाही.
खलनायक होणारा केवळराम
रात्री गोठ्यामागं जाऊन त्याला गुपचूप सांगायचा,
माझं मरण थोडं लांबव.

मला मालक म्हणाले, तुम्ही याला प्रॉम्प्ट द्या.
मी हसलो. दुसरं केलं काय जन्मभर?
पण प्रॉम्प्ट अडलेल्याला द्यायचा असतो,
याचं तोंड तर आधीच भरलेलं.

नाटक वाचलं.
धान कापणारी बाई बातम्या दिल्यासारखी बोलत होती.
आमच्या झाडीत ण नाही, ळ नाही.
आम्ही पानी पितो, डोरे पुसतो.
मी लाल पेन घेऊन बसलो तीन रात्री,
एकेक ण मारला, एकेक ळ मारला,
खरं सांगतो, मजा आली.
त्याची चूक सापडली की भात गोड लागायचा.

मंजुळा तिसरीतून शाळा सोडून आलेली,
तिला अक्षर जुळवता येत नाही.
बारा वर्षं तिचे संवाद मीच वाचून पाठ करून घेतले.
आता ती हापशीजवळ बसते, कानाला मोबाइल लावून,
पुटपुटते, थांबते, पुन्हा पुटपुटते.
मी विचारलं, काय आहे गं त्यात एवढं?

"शंभरदा सांगते तो, भाऊ. चिडत नाही."

एवढं बोलून ती गुंडी भरायला लागली.
मला मारायसाठी म्हणाली नव्हती ती.
मोहटोल्याच्या तालमीत मी वही फेकली होती,
कोपरा तिच्या कानशिलाला लागला होता,
आणि त्या रात्री तिनं ते नाटक न अडखळता केलं होतं.
मी ते माझं यश समजत होतो.

गुंडी डोक्यावर घेता घेता म्हणाली,
"आन् माझं नाव तो येगरंच घेते.
जन्मभर मी मंजुरा.
माझ्या नावात असं अक्षर आहे
हे कोनी सांगितलंच नाही मला."
मग तिनं ते म्हणून दाखवलं,
जीभ मागं वळवून, लाजत,
नवी चप्पल घालून चार पावलं टाकावीत तसं.

घरी येऊन वही उघडली.
तिच्या पात्राचं नाव मालकांनी मंजुळाच ठेवलेलं,
आणि मी ते एकेचाळीस ठिकाणी खोडलं होतं.
लिहिताना मला ळ येतो,
मास्तरांची छडी खाऊन शिकलेला.
बोलताना येत नाही.
तरी लाल पेनावर निळं गिरवत बसलो.
फक्त नावापुरतं. बाकी पानी पानीच राहू दिलं.

उद्या मंडईची पहिली रात्र.
ती अडणार नाही, मला माहीत आहे.
तरी विंगेत बसणार, वही घेऊन,
आणि बॅटरी विझवून अंधारात
जीभ मागं वळते का पाहणार.