उतारा

कारखान्याच्या लॅबमध्ये बत्तीस गळीत हंगाम
साखरेचा उतारा काढला हिंदुरावांनी.
आता विश्रामबागेतल्या घरी
रोज सकाळी बोटातून थेंब काढतात,
आकडा वहीत, तारखेसह.

जावयानं आणलेला पुडा : शुगर फ्री.
चहात बुडवून सहा खाल्ली, निर्धास्त.
दोन तासांनी यंत्र म्हणालं,
दोनशे छत्तीस.

चष्मा लावून पुड्याची पाठ वाचली.
साखर शून्य. खरंच शून्य.
मैदा मात्र पहिल्याच ओळीत,
मोळीत पाचट दडवावं तसा नाही,
उघड छापलेला.

"फसवलं नाही हो कुणी," शालन म्हणाली,
"तुम्हीच पुढची बाजू वाचलीत."

हसले.
उरलेलं एक बिस्कीट मोडून अर्धं तिला दिलं,
अर्ध्याकडे बघत राहिले
वजनकाट्यावर गाडी उभी असावी तसे.