उखळात हात

परतवाड्याच्या बाजारात कच्ची केळी मिळाली,
कंद मिळेना.
सुरण नको म्हणाले हे, सुरण खाजवतो,
तो कंद पांढरा असतो, मांडीएवढा,
वरून झाडाच्या सालीसारखा.
शेवटी मेळघाटातून उतरलेल्या एका कोरकू बाईच्या टोपलीत
निघाला, मातीसकट,
आणि हे तिच्यापुढे असे उकिडवे बसले
जसं कोणी ओळखीचं भेटलं.

कुमासीला चार वर्षं बोअरच्या गाडीवर होते.
येताना आणलं काय, तर
एक निळं छापील कापड,
गुडघ्याचं दुखणं
आणि या फुफूचं वेड.

चुलीत पऱ्हाटी लावली.
कंद शिजताना वास आला ओल्या गोणपाटाचा.
केळी सोलून चिकानं माझी बोटं काळी.
सासू दारातूनच म्हणाली,
"उपास हाय का वं कोनाचा?"

उखळ गोठ्यात पडून होतं, त्यात कोंबडी अंडी घालायची.
तीनदा धुतलं.
हे सांगू लागले:
एकानं कांडायचं, एकानं उलथवायचं.
मुसळ वर गेलं की हात आत,
खाली यायच्या आत हात बाहेर,
पाण्यात बुडवून पुन्हा.
मधात बोलायचं नाही,
समोरच्याचा श्वास ऐकायचा.

"तुमाले कोनं शिकवलं?"
"अजुआनं. घरमालकीन.
सोमवारची जन्मली म्हनून अजुआ,
आपली बुधाआत्या नाही का बुधवारची."

"मंग तिचा हात उखळात राहे
तवा मुसळ कोन मारे?"

हे साली गोळा करायला लागले,
मी मघाशीच गोळा केलेल्या.
"मी," म्हणाले.

पऱ्हाटीचं बोंड तडकलं चुलीत.
मी पदर खोचला, मुसळ उचललं.
"घाला हात," म्हटलं.

घातला.
पहिले चार घाव मी हळू मारले.
मग नाही.
कंद आणि केळं आधी वेगवेगळे दिसत होते,
पांढरं, पिवळसर,
मग कुठलं कुठलं ते कळेना,
मुसळाला चिकटून ओढल्यासारखा आवाज येऊ लागला.
यांच्या कपाळावर घाम,
नजर माझ्या खांद्यावर, मुसळावर नव्हे.
तिचीही अशीच असेल नजर, यांच्या खांद्यावर.
एकदा मुसळ यांच्या करंगळीच्या नखाला घासून गेलं.
हे काही बोलले नाहीत.
मीही नाही.

दाण्याचं कालवण, त्यात भेदरं,
वरून भिवापुरी मिरची, सुकट,
आणि मधोमध तो गोळा,
बेटासारखा.

"चावाचं नाही," हे म्हणाले, "नुस्तं गिळाचं."
सासूला दात नाहीत,
तिला पहिल्याच घासाला जमलं,
दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तिनं.

मी चावून खाल्लं.
एकेक घास, सावकाश, यांच्याकडे पाहत.
"कसं झालं?" विचारलं यांनी.
"मीठ कमी हाय."