सहा मीटर

पेडण्यापलीकडे वायंगणचा टेंब.
नकाशात त्याला सर्व्हे नंबर आहे
आणि अठ्ठेचाळीस बंगले,
प्रत्येकाच्या मागे पोहायचा एक निळा चौकोन.
समतलरेषा अंगठ्याच्या ठशासारख्या,
जणू कुणी आधीच सही करून ठेवली आहे.

मी अग्निशमनचा माणूस.
बंब चढेल का, वळेल का,
टाकीत पाणी किती, एवढंच मी बघतो.
उतार माझ्या रकान्यात येत नाही.

टेपचं दुसरं टोक धरायला सगुण आला.
टेंबावरच्या काजूची पावणी तोच घेतो.
तीन मीटर वीस.
मागच्या एप्रिलात इथेच अडकला होता आमचा बंब,
आरसा चिऱ्याच्या गडग्यावर घासत.
वर गवत पेटलेलं,
पडलेल्या बिया तेल उडवत फुटत होत्या,
आणि आम्ही हिरव्या डहाळ्यांनी झोडपत होतो जाळ,
पहाटे साडेतीनपर्यंत.
सगुणची भाटी वाचली. मांडव गेला.
तेव्हा वर घर एकही नव्हतं.

म्हणून मी लिहिलं:
रस्ता किमान सहा मीटर रुंद करावा.
तोवर दाखला नाही.
बरोबर लिहिलं. आजही तेच लिहीन.

टेप सोडताना सगुणने विचारलं होतं,
"रुंद खंयच्या वटेन करतले?"
एका बाजूला दरी.
मी टेप गुंडाळत राहिलो.

मार्चात जेसीबी आला.
मेमध्ये मी पुन्हा गेलो तेव्हा
टेंबाचं पोट उघडं होतं:
वर जांभा, तव्यासारखा काळपट,
खाली पिवळी माती,
आणि तिच्याखाली शेडी,
पांढरी, किंचित गुलाबी,
बोट टेकवलं तर बोट राहतं तिच्यात.
काजूची मुळं हवेत लोंबत होती.
पावसाचा पत्ता नाही,
तरी एका मुळाच्या टोकाशी थेंब धरत होता,
पडत होता,
पुन्हा धरत होता.

"पोटांत उदक आसा तिच्या," सगुण म्हणाला.
खाली बावीस घरं, जुनी,
त्यांच्याकडे कुणी कधी दाखला मागितला नव्हता.
एका अंगणात ज्योकिनाबाय सोलं वाळत घालत होती.
तिने वर पाहिलं नाही.
वर पाहण्यासारखं कधी काही नव्हतंच तिथे.

मी नगरनियोजनला फोन लावला.
कुएल्योबाई सरळ बाई आहेत, फाईल समोर घेऊन बोलल्या.
उतार कागदावर नियमात आहे.
आणि कापणीचं म्हणाल तर
ती तुमच्याच पत्राने झाली ना?
अग्निशमनच्या अटीची पूर्तता,
असंच लिहिलंय इथे.

फोन ठेवल्यावर बराच वेळ
मला फक्त तो थेंब ऐकू येत होता.

मग मोजलं.
पाच मीटर अठ्ठ्याण्णव.
खरं सांगतो, आनंद झाला मला,
दोन सेंटिमीटरचा, चोरट्यासारखा.
नाही बसत, म्हटलं. कमी आहे.

साइटवरचा इंजिनिअर तरुण होता, नम्र होता.
"एक मिनिट, सर," म्हणाला,
आणि बुटाच्या टोकाने
टेंबाच्या पायथ्याशी जराशी माती उकरली.
भिजवलेल्या पिठासारखी ती सुटून आली.
"आता बघा."

सहा.

शेऱ्याला दोन ओळींची जागा असते.
मी लिहिलं, बंब वर जाईल.
दुसऱ्या ओळीवर पेन टेकवून उभा राहिलो.
सगुण आपलं टोक सोडायला विसरला होता.

दुसऱ्या दिवशी म्हापशात
एका शाळेचा जिना मोजताना
टेपमधून पांढरं काही सांडलं पायरीवर.
मुख्याध्यापिकेने विचारलं, खडू का?
मी रुमालाने पुसलं.
पुसलं तसं ते पसरलं.