पाच पूर्णांक एक

पुस्तिकेतली खोली चौकोनी आहे.
तिच्यात कोचावर एक माणूस बसलाय, त्याला चेहरा नाही,
आणि त्याच्या कानांपासून निघालेल्या तुटक रेषा
पाच खोक्यांपर्यंत कुठंही न अडखळता पोचतात.

आमची खोली आमोण्यात आहे.
समोरून अकरा फूट, मागून सात,
आणि एक भिंत तिरकी,
इसवण कापताना सुरी घसरावी तशी.
वाटणीत दोघाही भावांना नदीकडची खिडकी हवी होती.
मापवाल्यानं दोरी धरली
आणि खिडकीच्या मधल्या दांड्यावर आणून सोडली.
एक झडप आमची, एक नकुळकाकांची.
तेव्हापासून बार्जचं नाक आमच्याकडे पोचतं
तेव्हा शेपूट अजून काकांकडे असतं.

कायतान सांखळीहून आला, स्कूटरवर,
सबवूफर दोन पायांत धरून.
त्यानं मापपट्टी धरली, लेझर धरला,
मग नुसतं डोकं धरलं.
डावा पुढचा बसला. मधला टीव्हीखाली बसला.
उजवा पुढचा कपाटावर ठेवला
तर तो देव्हाऱ्याशीच बोलायला लागला.
मागच्या डाव्याला जागा नाही, तो फ्रीजवर.
मागचा उजवा तिरक्या भिंतीवर.
ती भिंत नऊ इंचांची.
खिळा किती आत जाऊ द्यायचा, मी विचार करत राहिलो.
कायतानला वाटलं, मला भिंत फुटायची भीती.
दीड इंच, मी म्हटलं. प्लास्टर धरून.

मग त्यानं हेलिकॉप्टर सोडलं.
ते टीव्हीच्या डावीकडून उठलं, देव्हाऱ्यावरून गेलं,
वळताना तिरक्या भिंतीत शिरलं
आणि बाहेर आलंच नाही.
पलीकडे काकांच्या स्वयंपाकघरात
स्टीलचं काहीतरी पडलं.
घरंगळलं. बराच वेळ घरंगळलं.
एकोणीस वर्षांत त्या बाजूनं आलेलं
एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं.

बाबा मधोमध बसले होते,
पुस्तिकेतल्या माणसाच्या जागी.
त्यांचा उजवा कान बार्जच्या इंजिनरूममध्ये राहिला,
सत्तावीस वर्षं, हप्त्याहप्त्यानं.
हे मी कायतानला सांगितलं नव्हतं.
सांगायचं तरी कसं,
की तुझ्या पाचांतले दोन
आमच्याकडे कोणी ऐकणार नाही?

सबवूफर घुमला तसे बाबांनी चपला काढल्या.
तळपाय फरशीवर टेकले.
डोळे मिटले.
"थांब."
आम्ही थांबलो.
"आतां परत."
परत घुमला. खर्र खर्र असं मागून काहीतरी.
कायतान म्हणाला, स्पीकर नवा आहे अंकल, खुलायला वेळ घेतो.
बाबांनी मान हलवली.
"हो डबो न्हय रे."
आणि उठले, अनवाणी,
फरशी चाचपत गेले,
गळती शोधत जावं तसे, खिडकीपर्यंत.

झडप थरथरत होती, आमची अर्धी.
त्यांनी पुस्तिकेचं पान फाडलं,
तेच, चौकोनी खोलीचं,
चार घड्या घातल्या, फटीत ठोसलं.
कायतानला खूण केली. घुमव.
खर्र थोडी कमी झाली. गेली नाही.
बाबा गजावर तळवा ठेवून उभे.
मग आणखी एक पान.
या खेपेला घड्या सावकाश घातल्या,
नखानं कडा दाबल्या,
आणि गजांमधून हात बाहेर काढून
दांड्यापलीकडे, जिथं आमचं काही नाही, तिथं धरला.

खाली नदीत पाणी चढत होतं.
हात बाहेरच होता.
मी टीव्हीकडे बघत राहिलो, त्यावर काही नव्हतं.

हात आत आला तेव्हा रिकामा होता.
पडलं की घेतलं, ते खिडकीतून दिसत नाही,
आपल्याला अर्धंच दिसतं.
"घुमव," बाबा म्हणाले.
घुमला. नुसता घुमला.

कायतान हत्यारं गोळा करू लागला.
म्हणाला, अंकल, मागचा उजवा काढून ठेवू का?
आवाज सगळा पलीकडेच जातोय.
तो बाबांच्या उजव्या हाताला उभा होता.
बाबा चपला शोधत होते.
मीच म्हटलं,
राहू दे.