रस्ता क्रमांक ४१७

नकाशातून खोडला, तरी डोंगरावर तो आहेच.
आयडाहोचा उतार, लार्चच्या पिवळ्या सुयांचा सडा
आणि नवं फाटक, रंगाचा वास अजून ओला.

वर्ल टोलमन चारचाकी बंद करतो.
इंजिन निवताना टिकटिकत राहतं.
हा रस्ता त्यानंच बुलडोझरनं कोरला होता,
लाकूड कंपनीच्या पगारावर,
पंचाहत्तर साली, केस काळे असताना.

"पायी जायला बंदी नाही," फॉरेस्टची पोरगी म्हणते.
मनापासून म्हणते.
तो काठीनं आपला डावा पाय वाजवतो:
टण्ण.

ती खाली बघते. नियम काही तिनं लिहिलेला नाही.
मग फोनवर फोटो दाखवते:
वरच्या तळ्याकाठचं कुरण,
चिखलात गरगर फिरलेली चाकं, गवत मुळासकट उलटं.
एल्कच्या माद्या यंदा तिथं व्यायल्या नाहीत.

वर्ल चष्मा पुसून पुन्हा बघतो.
टायरची ही नक्षी त्याच्या ओळखीची.
नाताळात नातवाला त्यानंच घेऊन दिले होते.

बोलत नाही.
फाटकाचं कुलूप एकदा ओढून बघतो,
रात्री घराचं बघतो तसं,
आणि गाडी वळवतो.
वळायला जागाही तिथं
त्यानंच ठेवली होती.