वर एक

नाताळाच्या आधी पंधरा दिवस
निपाणीच्या आमच्या चर्चमध्ये यादीवरून वाद होतो.
यंदा दहा गाणी चहा यायच्या आत ठरली.
अकराव्यावर अडलं.

पास्टरसाहेब म्हणाले, तारा हवा.
तारा नसेल तर गव्हाण, गव्हाण नसेल तर मेंढपाळ,
अगदीच काही नाही तर नाव तरी हवं, त्याचं.
सुवार्ताबाईंना घंटा हव्या होत्या.
तरुण संघाच्या रोशनला बर्फ.
बर्फ!
आम्ही तो पाहिलाय उरुसात,
गोळेवाल्याच्या रंध्याखाली.
येशय्या मेत्रींकडं हिशेबाची वही, त्यांचं वेगळंच:
"मराठीच्या रकान्यात घालू का कन्नडच्या?
ते आधी सांगा की ओ."

मी पेटीच्या भात्यावर हात ठेवून गप्प.
गाणं माझ्या आईचं.
म्हणजे तिनं रचलेलं नव्हे.
तंबाखूच्या वखारीमागं बोळात सात-आठ बायका
मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या
आणि मोजायच्या:

एक दोन मूरु नाल्कु
पाच सहा, दोरा आवळ गं
पंचवीस झाल्या, वर एक घाल
मुकादम छाटंल, वर एक घाल

एवढंच.
दोनवर मराठी थांबायची, चारवर कन्नड,
पुढं परत मराठी,
कारण गुंडव्वाला 'पाच' म्हणायला आवडायचं.
दुसरं कारण मला तरी ठाऊक नाही.

मी सात वर्षांचा असतानाची चोवीस तारीख.
ट्रक पहाटे सुटणार होता.
मुकादम सांगून गेला, माल पुरा नाही तर मजुरी नाही,
तुमचा सण तुमच्या घरात.
रात्री दहाला गाणारी मंडळी आली,
पेट्रोमॅक्स, ढोलकी, दानिएलमामाची कानटोपी.
त्यांनी पहिलं गाणं धरलं.
एकाही बाईनं मान वर केली नाही,
बोटं थांबली असती.
मामा जरा वेळ उभा राहिला,
मग चपला काढून खाली बसला.
वळता येईना त्याला, दोरा बांधायला लागला.
ढोलकीवाल्यानं 'वर एक'वर थाप दिली,
आणि बोळभर सगळे मोजायला लागले,
तारस्वरात, पुरुषसुद्धा,
ज्यांनी जन्मात एक विडी वळली नव्हती,
ओढली मात्र होती.

बारा वाजता घंटा झाली
आणि मोजणी चुकली.
गुंडव्वा म्हणाली, "मर!
आता परत पहिल्यापास्नं."
आई हसली. मग खोकली. मग
"एक दोन..."

पुढच्या नाताळात ते आमच्या दारात येऊन हेच गायले.
त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांच्या दारात.
कुणी ठरवलं नव्हतं.

आता आई नाही, मुकादम नाही,
वखारीच्या जागी मोटारसायकलचं शोरूम.
आणि ही मे महिन्यातली गोष्ट:
पेटीचा एक सूर दाबला की वर यायचा नाही,
म्हणून दुपारी उघडून बसलो होतो.
बाहेर ऊन असं की डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
सूर सुटला की नाही बघायला
हाताला आलं ते वाजवलं.
भिंतीवरून बागवानांचा इरफान डोकावला,
आंब्याच्या रसानं कोपरापर्यंत पिवळा.
"सर, केक झाला व्हय?"

हे मी बैठकीत सांगितलं.
रोशन हसला. सुवार्ताबाई म्हणाल्या,
पोरगंच ते, त्याला केकचीच आठवण.
पास्टरसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली नाही
पण फुलीही मारली नाही.
विड्यांचं गाणं देवाच्या घरात कसं, असं काहीतरी
स्वतःशीच पुटपुटले.
येशय्या मेत्री वही मिटता मिटता थांबले,
दहाव्या ओळीखाली, दोन्ही रकान्यांच्या बाहेर,
समासात लिहिलं:
वर एक.

छापखान्यात ते राहिलं की गळलं, अजून कळलेलं नाही.
प्रूफ शनिवारी येणार आहे.